चेरी श्रिंपचा रंग गेला, पण किती वेळात?

चेरी श्रिंप, म्हणजे घरच्या काचेच्या टँकमध्ये पाळला जाणारा लहान लाल झिंगा, पाळणाऱ्यांकडून सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार मरतुकीची नसून रंगाची असते. "काका, दुकानात लालभडक होती, आता अशी पांढरी का पडूल्यात?" हा प्रश्न बेळगावात शहापूर-वडगावपासून हिंदवाडीपर्यंत अनेकांनी मला विचारला आहे, आणि विचारणारा बहुधा उत्तरही सोबत घेऊनच येतो: पाणी वाईट असेल, नाहीतर रंग वाढवणारे खाद्य कमी पडले असेल. या दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण ते फार थोड्या प्रसंगी लागू पडते. रंग गेला असे म्हणणाऱ्याला मी सर्वप्रथम विचारतो तो प्रश्न पाण्याचा किंवा खाद्याचा नसून वेळेचा असतो. रंग तासाभरात गेला, महिन्या-दोन महिन्यांत ओसरला, की वर्षभरात नव्या पिल्लांबरोबर उतरत गेला? या तिन्ही गोष्टी काचेबाहेरून सारख्याच दिसत असल्या तरी त्यांची कारणे वेगळी आहेत आणि एकीचा इलाज दुसरीला चालत नाही. पहिल्या प्रकारात तर इलाजाची गरजच नसते.

मुळात हा प्राणी लाल नाही. निओकॅरिडिना डेव्हिडी असे शास्त्रीय नाव असलेला हा गोड्या पाण्यातला झिंगा चीन, तैवान आणि कोरिया या भागांतला. बूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९०४ साली त्याचे वर्णन केले. ओढ्यात राहणारा मूळ झिंगा तपकिरी-हिरवट, ठिपक्याठिपक्यांचा आणि बराचसा पारदर्शक असतो, कारण पालापाचोळ्यात आणि शेवाळात न दिसणे हेच त्याच्या हिताचे आहे. हौशी लोकांनी त्यातले लालसर छटेचे जीव निवडून, त्यांचीच वीण पुन्हा पुन्हा वाढवून आजचा लाल श्रिंप घडवला, आणि पिवळा, नारिंगी, निळा, चॉकलेटी हे प्रकारही याच एका जातीतून अशाच निवडीने निघाले. लाल रंग ही माणसाने धरून ठेवलेली गोष्ट आहे, हे एकदा ध्यानात घेतले की पुढची पुष्कळशी कोडी सोपी होतात.

आता तासाभराचा प्रकार पाहू. श्रिंपच्या कवचाखाली, कातडीच्या थरात, फाटे फुटलेल्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या रंगपेशी असतात आणि त्यांत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण भरलेले असतात. हे कण पेशीच्या सर्व फाट्यांत पसरले की अंग लाल दिसते; तेच कण पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की बाकीची जागा मोकळी पडते आणि अंग काचेसारखे होते. रांगोळी डबीत असो वा अंगणात पसरलेली असो, रंग तेवढाच असतो, तसे हे आहे. या पसरण्या-आवरण्याची आज्ञा मज्जातंतूंतून न येता संप्रेरकांच्या रूपाने रक्तातून येते आणि ती संप्रेरके मुख्यतः डोळ्यांच्या देठांतील ग्रंथींतून सुटतात. पर्किन्स या संशोधकाने १९२८ साली समुद्रकाठच्या एका झिंग्यावर हे दाखवून दिले: डोळ्यांचे देठ काढलेला झिंगा गडद होऊन राहतो, आणि त्याच देठांचा अर्क टोचला की तो फिका पडतो. पुढे १९७२ साली फर्नलुंड आणि योसेफसन यांनी लाल कण गोळा करणाऱ्या या संप्रेरकाची रचना उलगडली. ते केवळ आठ अमिनो आम्लांचे निघाले. अपृष्ठवंशीय प्राण्यांतील अशा संप्रेरकाची रचना इतक्या नेमकेपणाने कळण्याची ती अगदी सुरुवातीची वेळ होती.

या यंत्रणेचा आपल्या टँकशी संबंध असा की घाबरलेला, हिसके बसलेला किंवा अंधारात राहिलेला श्रिंप आपले लाल कण आवरून घेतो. कोल्हापुराहून किंवा बेंगळुरूहून रात्रभर बसने आलेली थर्माकोलची पेटी सकाळी उघडल्यावर आतले श्रिंप जवळजवळ रंगहीन दिसावेत यात नवल नाही. अंधार, हादरे, पिशवीतल्या पाण्यात साठलेला अमोनिया आणि बदललेले तापमान हे सर्व त्यांनी एकदम सोसलेले असते. त्यांना थेंबाथेंबाने नव्या पाण्याची सवय करून टँकमध्ये सोडले आणि लपायला मॉस किंवा झाडांची मुळे दिली, तर एक-दोन दिवसांत रंग परत दिसू लागतो आणि आठवड्याभरात बहुतेक श्रिंप मूळ रंगावर येतात. या आठवड्यात कोणतेही औषध, रंगाचे खाद्य किंवा "टॉनिक" टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. जो रंग आपोआप येणार होता त्याचे श्रेय फुकट त्या बाटलीला मिळते, आणि मग ती बाटली आयुष्यभर घरात राहते.

रात्री उशिरा बॅटरीच्या उजेडात टँक पाहिला तर काही श्रिंप फिके दिसतात, तेही याच कारणाने. हिप्पोलिटे व्हेरियन्स नावाचा एक समुद्री झिंगा दिवसा तपकिरी, हिरवा किंवा लाल असतो आणि रात्री निळसर पारदर्शक होतो, हे कीबल आणि गॅम्बल या दोघांनी १९०० च्या सुमारास इंग्लंडच्या किनाऱ्यावर बारकाईने नोंदवून ठेवले होते. आपल्या चेरीमध्ये बदल इतका नाट्यमय नसतो. तरीही सकाळी दिवा लागल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे आणि मगच चिंता करायची की नाही ते ठरवावे.

टँकच्या तळाचा रंग हा याच यंत्रणेचा दुसरा भाग आहे. वरून थेट येणारा प्रकाश आणि तळावरून उलटून येणारा प्रकाश यांच्यातला फरक झिंग्याचा डोळा ओळखतो. तळ पांढरा असेल तर शरीर फिके ठेवण्याची आज्ञा सुटते, काळा असेल तर गडद ठेवण्याची. म्हणून तोच श्रिंप पांढऱ्या वाळूवर गुलाबी आणि काळ्या तळावर रक्तासारखा लाल दिसतो. दुकानदार काळ्या सब्स्ट्रेटच्या टँकमध्ये श्रिंप मांडतात यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. पण घरी पांढऱ्या खडीवर सोडून "रंग उतरला" म्हणणे तेवढेच चुकीचे. आमच्याकडे पांढरी खडी म्हणून पुष्कळदा संगमरवराचे तुकडे विकले जातात आणि ते पाण्यात हळूहळू विरघळून पाण्याची कठीणता वाढवत राहतात, म्हणजे दुहेरी तोटा. बांधकामाची काळी बसाल्टची बारीक खडी चाळून, धूळ जाईपर्यंत धुऊन वापरली तर ती स्वस्त पडते, पाण्यात फारसे काही सोडत नाही आणि लाल रंग उठून दिसतो. दिसायला ती ओबडधोबड असते, हे मान्य.

येथे एक भेद नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यावर श्रिंपचा जीव अवलंबून असतो. फिका पडलेला निरोगी श्रिंप पारदर्शक असतो: त्याच्या अंगातून पलीकडचे पान दिसते, आतड्याची काळी रेघ दिसते. आजारी श्रिंप मात्र अपारदर्शक होतो. शेपटीकडचे मांस दुधासारखे पांढरे आणि गढूळ दिसू लागले तर तो रंगाचा प्रश्न नसून स्नायूंचा नाश करणाऱ्या संसर्गाचा असू शकतो, आणि असा श्रिंप ताबडतोब वेगळ्या भांड्यात काढावा, कारण मेल्यावर इतरांनी त्याला खाल्ले तर आजार पसरतो. सगळे अंग एकसारखे गुलाबी-नारिंगी आणि घट्ट दिसत असेल तर तो बहुधा मेलेला आहे. बेळगावच्या कँप भागातल्या मासळी बाजारातून आणलेली करडी कोळंबी तव्यावर पडताच लाल होते, त्याचे रसायनही जवळजवळ हेच. अस्टॅक्झँथिन नावाचे लाल द्रव्य जिवंतपणी प्रथिनाला बांधलेले असते आणि त्या बंधनामुळे त्याचा रंग निळसर-करडा दिसतो. उष्णतेने किंवा मृत्यूनंतरच्या विघटनाने प्रथिन मोडले की मूळ लाली मोकळी होते. कोळ्याच्या जाळ्यासारखी हलकी, पोकळ आणि रंगहीन दिसणारी "मेलेली" आकृती मात्र बहुतेक वेळा टाकलेली कात असते. ती काढून फेकू नये, कारण श्रिंप ती खाऊन त्यातले खनिज परत मिळवतात.

आठवड्या-महिन्यांत हळूहळू ओसरणारा रंग हा खरा देखभालीचा प्रश्न, आणि आमच्या भागात त्याचे मूळ बहुतांशी पाण्याच्या अदलाबदलीत असते. बेळगाव शहराला पाणी राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून येते. पहिला मार्कंडेय नदीवर, दुसरा घटप्रभेवर. नळाला रोज पाणी येतेच असे नाही, त्यामुळे बहुतेक घरांत नळाचे पाणी, अंगणातली विहीर, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर असे सगळे एकाच टाकीत कधी ना कधी मिसळते. जांभ्याच्या पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू, तर खोल बोअरचे पाणी खनिजांनी भरलेले; आमच्या गल्लीत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर फिरवला तर दोन शेजारच्या घरांच्या पाण्यात कित्येक पटींचा फरक दिसतो. चेरी श्रिंपला साधारण १५० ते २५० टीडीएस, ६ ते ८ जीएच (पाण्याची एकूण कठीणता) आणि सहा-साडेसहापासून पावणेआठपर्यंतचा पीएच मानवतो, पण त्याहूनही त्याला स्थिरता लागते. या आठवड्यात नळाचे आणि पुढच्या आठवड्यात बोअरचे पाणी निम्मे बदलले तर आकडे कागदावर मर्यादेत असूनही श्रिंप सतत ताणाखाली राहतो, कात अवेळी टाकतो, खाणे कमी करतो आणि फिका राहतो. एकच स्रोत ठरवावा, एका वेळी दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त पाणी बदलू नये, आणि फार मृदू पाणी असेल तर श्रिंपसाठीचे खनिज मीठ मोजून घालावे. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास वाढतो तेव्हा क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे; क्लोरीन श्रिंपचा रंग धुऊन काढत नाही, ते त्याच्या कल्ल्यांना इजा करते, आणि फिकेपण ही त्या इजेची खूण असते.

ओघात सांगायचे तर पावसाळ्यात डासांसाठी गल्लीत धुराची गाडी फिरते, तेव्हा खिडक्या लावून टँकवर ओले फडके टाकावे आणि हवेचा पंप थोडा वेळ बंद ठेवावा. त्या धुरातली कीटकनाशके कीटकांसाठी असतात, आणि श्रिंप नात्याने कीटकांना माशांपेक्षा अधिक जवळचा आहे.

खाद्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अस्टॅक्झँथिन श्रिंपला शून्यातून तयार करता येत नाही. शेवाळातून आणि पानांतून मिळालेल्या बीटा कॅरोटीनसारख्या द्रव्यांपासून तो ते बनवतो. त्यामुळे केवळ पिठाळ गोळ्यांवर ठेवलेला श्रिंप काही महिन्यांनी निस्तेज होतो हे खरे आहे. स्पिरुलिना, उकडलेला पालक, गाजराची चकती, शेवग्याचा वाळवलेला पाला आणि टँकमध्येच वाढलेले शेवाळ एवढ्याने ती गरज पूर्ण भागते. बाजारातला पालक मात्र औषध फवारलेला असण्याचा धोका असतो, म्हणून परसातला शेवगा मला अधिक भरवशाचा वाटतो. ज्याच्या अंगात मुळात रंगपेशीच थोड्या आहेत त्याला कितीही महाग खाद्य दिले तरी तो फायर रेड या वरच्या दर्जाचा लाल होणार नाही.

याच ठिकाणी नर आणि मादी यांचा फरक येतो, जो दुकानात क्वचितच सांगितला जातो. मादी मोठी, पोटाकडे रुंद आणि गडद असते. नर लहान, सडपातळ आणि बराच फिका असतो, आणि तो आयुष्यभर तसाच राहतो. दुकानातून घेताना नजर गडद माद्यांवर जाते, घरी वीण झाल्यावर मात्र निम्मी पिल्ले नर निघतात आणि वाटते की रंग बिघडला. यात तापमानाचाही हात आहे. वाढीच्या काळात पाणी २० अंशांजवळ असेल तर माद्या अधिक आणि २६ अंशांजवळ असेल तर नर अधिक होतात, असे या जातीवरील प्रयोगांत आढळले आहे. बेळगावची हवा थंड म्हणून आपण निर्धास्त असतो, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीतला लहान टँक सहज २८ अंशांवर जातो. त्या दिवसांत वाढलेली पिल्ले दसऱ्याच्या सुमारास मोठी होऊन फिकी दिसू लागली, तर ती बिघडलेली नसून बहुसंख्येने नर असण्याची शक्यता मी आधी तपासतो.

राहिला पिढ्यांचा प्रश्न, आणि माझ्या मते खरा रंग येथेच जातो. मादी एका वेळी साधारण २० ते ३० अंडी पोटाखाली बाळगते, तीन-चार आठवड्यांत पिल्ले सुटतात, आणि ती काही महिन्यांत स्वतः वीण देऊ लागतात. म्हणजे वर्षभरात टँकमध्ये आजी, आई आणि नातवंडे एकत्र नांदतात. यांतून कोणी निवड करत नसेल तर फिके आणि तपकिरी जीवही गडद जीवांइतकेच विणतात, आणि फिकेपणा हा श्रिंपच्या दृष्टीने दोष नसल्यामुळे तो प्रत्येक पिढीत पसरत जातो. एक टँक वर्ष-दोन वर्षे न निवडता सोडून द्यावा. त्यातले अखेरचे श्रिंप पूर्वजांच्या ओढ्यातल्या रंगाकडे निघालेले दिसतात. पाणी उत्तम, खाद्य उत्तम, आणि रंग मात्र नाही, अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेले असते.

दोन रंग एकत्र ठेवले की ही घसरण एका उडीत होते. लाल, निळे आणि पिवळे श्रिंप एका टँकमध्ये फार देखणे दिसतात आणि दुकानात ते "मिक्स कलर" म्हणून एकत्रच मिळतात, पण ती सगळी एकच जात असल्यामुळे ती आपसांत मोकळेपणाने विणतात. लाल आणि निळ्याच्या संकरातून जांभळा निघत नाही; प्रत्येक रंग हा वेगवेगळ्या जनुकांच्या जोडणीने वेगवेगळ्या घराण्यात बसवलेला असतो, ती जोडणी संकरात मोडते आणि बहुतांश संतती तपकिरी, मळकट निघते. पहिल्या पिढीत एखादा बरा रंग दिसला तरी पुढे तो टिकत नाही. रंग हवा असेल तर एका टँकमध्ये एकच घराणे, हा नियम मी कोणासाठीही सैल करत नाही. शोभेसाठी मिश्र टँक हवाच असेल तर त्यातून पुढे रंग मिळणार नाही हे धरून ठेवावा.

निवड करताना लोक एक गोष्ट हमखास करतात: गडद माद्या राखतात आणि नर जसे असतील तसे राहू देतात. निम्मा वारसा नराकडून येतो, त्यामुळे नराची तुलना मादीशी न करता इतर नरांशी करावी आणि त्यांतले सर्वांत भरीव रंगाचे ठेवावेत. साकुरा, फायर रेड, पेंटेड फायर रेड या दर्जांत पाहण्याची सोपी जागा म्हणजे पाय: अंग लाल आणि पाय काचेसारखे असतील तर दर्जा खालचा, पायांपर्यंत लाली भरलेली असेल तर वरचा. पिल्ले जन्मतः जवळजवळ पारदर्शक असतात, म्हणून ती अंगाने निम्मी-अधिक वाढेपर्यंत काढाकाढ करू नये. कात टाकल्याच्या दिवशीही निवड करू नये, कारण त्या दिवशी काही श्रिंप खऱ्याहून फिके आणि काही खऱ्याहून उजळ दिसतात. आणि अनेक वर्षे आपल्याच टँकमधली वीण चालवत राहिल्यास जोम घटतो, म्हणून अधूनमधून त्याच घराण्याचे चार जीव दुसऱ्या पाळणाऱ्याकडून आणून मिसळावेत. आमच्याकडे निपाणी-कोल्हापूरच्या हौशी लोकांशी अशी देवघेव सहज जमते.

काढलेल्या तपकिरी श्रिंपचे काय करायचे, हेही सांगणे भाग आहे. ते धट्टेकट्टे असतात आणि शेवाळ लाल श्रिंपइतकेच साफ करतात. मी ते माझ्या झाडांच्या टँकमध्ये वेगळे ठेवतो, किंवा ज्यांना रंगाचे काही देणेघेणे नाही त्यांना देतो, आणि देताना लाल घराण्यात मिसळू नका असे बजावतो. नदी-ओढ्यात मात्र ते कधीही सोडू नयेत. जर्मनीत कारखान्यांच्या गरम पाण्याने कोमट राहणाऱ्या एर्फ्ट नदीच्या खोऱ्यात हीच जात लोकांच्या टँकमधून सुटून स्थायिक झाली आहे, आणि तेथील रानटी झालेल्या श्रिंपमध्ये लाल फारसे उरलेले नाहीत. खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा आणि घाटातले इतर ओढे यांना कोमट करायला कारखाना लागत नाही. तेथे पाषाणांखाली राहणारे लहान झिंगे याच श्रिंपच्या कुळातले, पण वेगळ्या जातींचे आहेत, आणि त्यांची जागा व खाद्य आपल्या तपकिरी श्रिंपसारखेच आहे.